ओढ्याकाठचे घर आणि पूरविमा : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत शहराबाहेर, ग्रामीण काउंटीत घर घेतलेल्या वाचकांकडून या वेळी पुराविषयी बरीच पत्रे आली. काही पत्रांचा विषय एकच असल्याने ते प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी व्हर्जिनियातील एका ग्रामीण काउंटीत चार एकर जागेवरचे घर घेतले. घरामागे साधारण शंभर यार्डांवर एक लहान ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात घोटाभर पाणी असते. नकाशावर आमचे घर 'झोन एक्स'मध्ये येते. बँकेने पूरविमा मागितला नाही आणि विक्रीच्या वेळी एजंटने 'तुम्ही पूरक्षेत्रात नाही' असे स्पष्ट सांगितले होते. मग हा खर्च आम्ही का करावा?

उत्तर : 'तुम्ही पूरक्षेत्रात नाही' हे घरविक्रीच्या व्यवहारातले सर्वांत दिशाभूल करणारे वाक्य आहे, असे माझे मत आहे. एजंट खोटे बोलत नसतो, पण तो उत्तर देत असतो ते बँकेच्या प्रश्नाला, तुमच्या नव्हे. राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम १९६८च्या कायद्याने सुरू झाला आणि १९७३ साली त्यात सक्तीचे कलम आले. फेमा ही संघीय आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा जे नकाशे प्रसिद्ध करते, त्यांवर कोणत्याही एका वर्षात पूर येण्याची शक्यता १ टक्का किंवा त्याहून अधिक असलेला भाग वेगळा दाखवलेला असतो. या भागातील झोनची नावे 'ए' किंवा 'व्ही' या अक्षराने सुरू होतात, आणि तेथील घरावर संघीय नियमनाखालील बँकेचे कर्ज असेल तर पूरविमा घ्यावाच लागतो. तुमचे घर त्या रेषेच्या बाहेर आहे, एवढेच एजंटने सांगितले. रेषा सक्ती कोणावर करायची हे ठरवण्यासाठी आखलेली आहे. तिच्या एका बाजूला धोका आणि दुसऱ्या बाजूला अभय, असे जमिनीवर कोठेच नसते.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दप्रयोगानेही बराच घोटाळा केला आहे. दर वर्षी १ टक्का शक्यता याचा अर्थ असा की तीस वर्षांच्या कर्जाच्या काळात तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, आणि तो गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदा ती शक्यता कमी होत नाही. तुमच्या 'झोन एक्स'चेही दोन प्रकार आहेत. नकाशावर छटा दिलेला एक्स म्हणजे बहुधा वार्षिक शक्यता ०.२ ते १ टक्का यांच्या दरम्यान असलेला भाग, किंवा बंधाऱ्यामुळे संरक्षित मानलेला भाग. छटा न दिलेला एक्स म्हणजे त्याहून कमी धोक्याचा. आपले घर कोणत्या एक्समध्ये आहे हे फेमाच्या नकाशा केंद्राच्या संकेतस्थळावर पत्ता घालून विनामूल्य पाहता येते.

पण ग्रामीण भागात खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे. दाट वस्तीच्या नदीकाठांचा अभ्यास आधी आणि बारकाईने होतो, तर विरळ वस्तीतल्या लहान ओढ्यांचा पुष्कळदा होतच नाही. ज्यांचे पाणलोट क्षेत्र एक चौरस मैलाहून, म्हणजे ६४० एकरांहून कमी आहे, असे प्रवाह साधारणतः या अभ्यासात घेतले जात नाहीत. त्यामुळे तुमच्या ओढ्याकाठी छापलेल्या 'एक्स'चा अर्थ 'तपासले आणि धोका कमी आढळला' असाही असू शकतो किंवा 'तपासलेच नाही' असाही असू शकतो. नकाशाकडे नुसते पाहून हा फरक कळत नाही. तो कळण्याचा मार्ग म्हणजे नकाशाबरोबर प्रसिद्ध होणारा त्या काउंटीचा पूरविमा अभ्यास अहवाल. कोणत्या नदी-ओढ्याचा, कोठपासून कोठपर्यंत सविस्तर अभ्यास झाला, हे त्यात सांगितलेले असते. तुमच्या ओढ्याचे नाव त्यात सापडले नाही, तर नकाशाचा आधार तुम्हाला जवळपास नाही असे समजावे.

अशा वेळी स्वतःच्या डोळ्यांचा उपयोग अधिक होतो. हिवाळ्यात झाडी विरळ असताना ओढ्याच्या कडेने चालत जा. कुंपणाच्या तारेत वाळके गवत, काटक्या आणि प्लॅस्टिकचे तुकडे एकाच उंचीवर अडकलेले दिसले, तर मागच्या पुराने आपली पातळी तेथे लिहून ठेवली आहे, असे समजा. झाडांच्या बुंध्यांवर प्रवाहाच्या वरच्या बाजूला साचलेला गाळही तेच सांगतो. मग तुमच्या खासगी रस्त्याखालची मोरी पाहा. दोन फूट व्यासाच्या नळात एखादा ओंडका आडवा अडकला की तो रस्ताच बंधारा बनतो, आणि ओढ्यापासून शंभर यार्डांवर असलेले घर त्या बंधाऱ्याच्या तलावाकाठी येते. फेमाच्या नकाशाला तुमच्या मोरीची काहीच माहिती नसते. शेजारी तीस-चाळीस वर्षे राहिलेल्या शेतकऱ्याला आणि काउंटीच्या रस्ते विभागातल्या जुन्या कर्मचाऱ्याला ती असते. त्यांच्याशी अर्धा तास बोलणे कोणत्याही संगणकीय धोका-अहवालापेक्षा कमी मोलाचे नाही.

लहान प्रवाह किती फुगू शकतो, याची अलीकडची उदाहरणे विसरण्यासारखी नाहीत. जुलै २०२२ मध्ये पूर्व केंटकीत व्हाइट्सबर्ग येथे केंटकी नदीच्या उत्तर शाखेने १९५७ सालचा १४.७ फुटांचा उच्चांक सुमारे सहा फुटांनी मोडला. तेथील डोंगरी घळींतल्या घरांना जागे होऊन बाहेर पडण्याइतकाही वेळ अनेक ठिकाणी मिळाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाचा पाऊस पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात पडला, तेव्हा ॲशव्हिल ज्या बन्कम काउंटीत आहे, तेथे या कार्यक्रमाचा पूरविमा असलेली घरे शंभरात एकही भरत नव्हती. समुद्र शेकडो मैल दूर आणि आपण डोंगरात, हा युक्तिवाद तेथल्या लोकांनीही केला होता. फेमाच्याच सांगण्यानुसार २०१४ ते २०१८ या काळातील पूरविम्याचे ४० टक्क्यांहून अधिक दावे जास्त धोक्याच्या क्षेत्राबाहेरून आले होते.

नेहमीच्या गृहविम्यात पुराचे नुकसान वगळलेले असते, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. 'काही झाले तर सरकार मदत करील' या समजुतीचे मात्र थोडे विश्लेषण केले पाहिजे. घरमालकांना संघीय मदत मिळते ती राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली आणि त्यात व्यक्तिगत मदतीचा समावेश केला तरच. एका खोऱ्यातल्या वीस घरांत पाणी शिरले म्हणून तशी घोषणा होतेच असे नाही. झालीच तर अनुदान घर राहण्याजोगे करण्यापुरते असते, आणि त्यापलीकडची मोठी रक्कम लघुउद्योग प्रशासनाकडून कर्ज म्हणून मिळते. म्हणजे पडलेल्या घराचे जुने कर्ज आणि दुरुस्तीचे नवे कर्ज, असे दोन हप्ते सुरू होतात.

तेव्हा माझा सल्ला असा की, विमा घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी निदान हप्ता किती पडेल ते विचारा, आणि ते विचारण्यासाठी पावसाळी हवामानाच्या अंदाजाची वाट पाहू नका. नवीन पॉलिसी साधारणतः तीस दिवसांनी लागू होते. वादळाची बातमी ऐकून घेतलेला विमा त्या वादळासाठी निरुपयोगी असतो.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात आमची सात एकर जागा असून तिच्या खालच्या टोकाशी ओढा आहे. घर टेकाडावर, ओढ्यापासून बरेच उंच आहे. तरीही बँकेचे पत्र आले की नव्या नकाशानुसार घर 'झोन ए'मध्ये असल्याने ४५ दिवसांत पूरविमा घ्या, अन्यथा आम्ही तो घेऊन पैसे तुमच्याकडून वसूल करू. नकाशावर पाण्याच्या पातळीचा आकडाही दिलेला नाही. या अन्यायाविरुद्ध दाद कोठे मागावी?

उत्तर : दाद मागण्याची सोय आहे आणि ती वाटते तितकी अवघड नाही, मात्र पत्र बाजूला ठेवून चालणार नाही. ४५ दिवसांची मुदत कायद्यातली आहे. मुदत संपल्यावर बँकेने परस्पर घेतलेला विमा बहुधा बराच महाग पडतो आणि तो मुख्यतः बँकेच्या कर्जाचे रक्षण करतो, तुमच्या सामानाचे नव्हे.

आकडा नसलेला 'झोन ए' ही ग्रामीण काउंट्यांची खास ओळख आहे. जेथे सविस्तर अभ्यास झाला आहे, तेथे 'झोन एई' असतो आणि १ टक्का शक्यतेचा पूर समुद्रसपाटीपासून किती फुटांवर पोहोचेल, म्हणजे मूळ पूरपातळी किती, हे नकाशावर छापलेले असते. नुसत्या 'ए'मध्ये मात्र उपलब्ध उंचीरेषांवरून अंदाजाने सीमा आखलेली असते. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना ओढलेली ती रेषा कधीकधी टेकाडाच्या अर्ध्यापर्यंत चढून जाते आणि तेथले घर विनाकारण आत घेते. तुमच्या बाबतीत बहुधा असेच झाले असावे.

यावरचा उपाय म्हणजे नकाशा-दुरुस्तीचे पत्र. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'लोमा' म्हणतात. त्यासाठी फेमा शुल्क घेत नाही. खर्च येतो तो परवानाधारक सर्वेअरचा. सर्वेअर मोजतो ती घराच्या जोत्याची उंची नव्हे, तर घराला टेकलेल्या जमिनीचा सर्वांत खालचा बिंदू, आणि तेथेच अनेकांची निराशा होते. समोरून पाहता घर टेकाडावर असते, पण मागच्या उतारावर बेसमेंटच्या दाराबाहेरची फरशी किंवा घराला जोडलेल्या डेकचा शेवटचा खांब चार-पाच फूट खाली उतरलेला असतो, आणि निर्णय त्या खांबाच्या पायथ्यावर होतो. म्हणून सर्वेअरला बोलावण्यापूर्वी स्वतः घराभोवती एक फेरी मारून तो सर्वांत खालचा बिंदू शोधून ठेवावा. तो नैसर्गिक जमिनीवर, मूळ पूरपातळीइतका किंवा त्याहून उंच असला, तर अर्ज मान्य होण्यास अडचण पडू नये. भराव टाकून जमीन उंच केलेली असेल तर अर्जाचा प्रकार बदलतो आणि त्याला शुल्कही पडते.

राहिला प्रश्न नकाशावर नसलेल्या आकड्याचा. राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमात सहभागी असलेल्या प्रत्येक काउंटीत पूरक्षेत्राचे नियम पाहणारा एक अधिकारी असतो. लहान काउंटीत तोच बांधकाम परवानेही देतो आणि आठवड्यातून दोनच दिवस भेटतो, हेही खरे. जवळच्या पुलासाठी झालेला जलशास्त्रीय अभ्यास, राज्याच्या खात्याकडचा आराखडा किंवा शेजारच्या जागेसाठी पूर्वी मंजूर झालेला लोमा यांपैकी काही उपलब्ध आहे का, हे त्याला माहीत असते. सर्वेअरला पैसे देण्याआधी त्याला भेटावे, कारण योग्य आकडा हाती आला तर निम्मे काम झालेले असते. सर्व कागद पोहोचल्यावर फेमाचा निर्णय साधारण साठ दिवसांत येतो.

साठ दिवस आणि बँकेचे पंचेचाळीस दिवस यांचा मेळ बसत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्यामुळे दरम्यानच्या काळासाठी पॉलिसी स्वतःच घेतलेली बरी. नकाशा बदलून घर नव्याने जास्त धोक्याच्या क्षेत्रात आले असेल, तर बदलानंतरच्या तेरा महिन्यांत घेतलेल्या पॉलिसीला तीस दिवसांऐवजी एकाच दिवसाची प्रतीक्षा असते. पुढे लोमा मिळाला आणि बँकेने लेखी सूट दिली, तर त्या मुदतीत दावा केलेला नसल्यास हप्ता परत मागता येतो. मात्र लोमा हाती आला तरी स्वतःच्या धोरणानुसार विमा मागण्याचा बँकेचा अधिकार संपत नाही, हेही आधीच जाणून असावे.

प्रश्न : आमच्याकडे बेसमेंट आहे, सेप्टिक टँक आहे, स्वतःची विहीर आहे, वेगळे गॅरेज आणि एक जुना बार्न, म्हणजे शेतावरचे कोठारही आहे. पूरविम्यात यातले काय येते?

उत्तर : विचारले आहे त्यातले बरेचसे येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. जमिनीखालची बांधकामे, म्हणजे विहीर, सेप्टिक टँक आणि त्याचे निचरा क्षेत्र, सरकारी पॉलिसीत वगळलेली आहेत. कुंपणे, घरापर्यंतचा रस्ता, झाडे, उभे पीक आणि जनावरेही वगळलेली आहेत. वेगळ्या गॅरेजसाठी इमारतीच्या विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते, पण ती रक्कम मुख्य घराच्या मर्यादेतूनच वजा होते, आणि गॅरेज केवळ गाडी किंवा सामान ठेवण्यासाठी वापरलेले असावे लागते. तेथे शेतीची किंवा व्यवसायाची कामे चालत असतील तर तेवढेही नाही. बार्नसाठी वेगळी पॉलिसी लागते. जुना बार्न असल्यास त्याची किंमत आणि तिचा हप्ता यांचा हिशेब करून मगच ती घ्यावी.

बेसमेंटविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यात मी स्वतः फसलो आहे. माझ्या पहिल्या घराचे बेसमेंट मी हौसेने सजवले होते : भिंतींना लाकडी पट्ट्या, खाली गालिचा, एका कोपऱ्यात पुस्तकांची मांडणी. पॉलिसी देताना एजंटने 'बेसमेंट येते' असे सांगितले आणि मी पुढे काही विचारले नाही. नऊ इंच पाणी आले. भरपाई मिळाली ती घर गरम करणाऱ्या भट्टीची, वॉटर हीटरची आणि रंग न दिलेल्या साध्या ड्रायवॉलच्या, म्हणजे भिंतींच्या जिप्सम फळ्यांच्या, किमतीइतकी. लाकडी पट्ट्या, गालिचा, पुस्तके, सोफा यांचे नावही यादीत नव्हते. बेसमेंट खरोखरच 'येते', पण ते घर चालवणाऱ्या यंत्रणेपुरते : भट्टी, वॉटर हीटर, विजेची पेटी, संप पंप (तळाशी साचलेले पाणी बाहेर फेकणारा), विहिरीच्या पाण्याची टाकी व पंप. सामानाचा विमा घेतला असेल तर कपडे धुण्याचे आणि वाळवण्याचे यंत्र व फ्रीझर यांचाही समावेश होतो. पॉलिसीच्या भाषेत बेसमेंट म्हणजे ज्याची जमीन चारही बाजूंनी बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली आहे ती जागा. उतारावरच्या घरात एका बाजूने थेट अंगणात उघडणारा खालचा मजला या व्याख्येत बसत नाही आणि त्याला हे निर्बंध तसेच्या तसे लागू होत नाहीत. पॉलिसी घेताना आपले बेसमेंट यांपैकी कोणते हे लेखी नोंदवून घ्यावे.

रकमांचे सांगायचे तर एका कुटुंबाच्या घरासाठी इमारतीला कमाल २,५०,००० डॉलर आणि सामानाला कमाल १,००,००० डॉलर एवढाच सरकारी विमा मिळतो. हे दोन्ही वेगवेगळे घ्यावे लागतात आणि दोन्हींचे डिडक्टिबलही, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटाही, वेगवेगळे असते. बँकेला इमारतीशीच मतलब असल्याने सामानाचा विमा पुष्कळांच्या पॉलिसीत नसतो, आणि ते दाव्याच्या वेळीच कळते. मुख्य निवासाच्या इमारतीची भरपाई, पुरेशा रकमेचा विमा असेल तर, नव्याने बांधण्याच्या खर्चाप्रमाणे होते. सामानाची मात्र नेहमी घसारा वजा करून होते, त्यामुळे बारा वर्षांच्या फ्रिजचे किती मिळतील याचा अंदाज तुम्हीच करावा. दागिने आणि कलावस्तू सगळ्या मिळून २,५०० डॉलरची मर्यादा आहे. रोख रक्कम येतच नाही. पुरामुळे बाहेर राहावे लागले तर हॉटेलचा खर्चही मिळत नाही. ज्यांचे घर बांधायला अडीच लाखांहून बराच अधिक खर्च येईल, त्यांनी खासगी कंपन्यांचा पूरविमाही पाहावा. त्यात मर्यादा वाढवून मिळतात आणि काही पॉलिसींत बाहेर राहण्याचा खर्चही येतो, पण पुढच्या वर्षी ती कंपनी नूतनीकरण करीलच याची हमी नसते.

प्रश्न : शेजाऱ्याच्या आणि आमच्या हप्त्यात जवळपास दुपटीचा फरक आहे, दोघेही एकाच झोनमध्ये असताना. दुसऱ्या कंपनीकडे गेल्यास कमी होईल का?

उत्तर : सरकारी पॉलिसी असेल तर नाही. १९८३पासून खासगी कंपन्या स्वतःच्या नावाने ती विकतात, पण दर फेमा ठरवते आणि तो सर्वांकडे सारखाच असतो. फरकाचे कारण दुसरे आहे. ऑक्टोबर २०२१पासून नव्या आणि एप्रिल २०२२पासून नूतनीकरणाच्या पॉलिसींना लागू झालेल्या 'रिस्क रेटिंग २.०' पद्धतीत हप्ता झोनवरून ठरत नाही. पाण्यापासूनचे अंतर, जागेची उंची, पहिल्या मजल्याची जमिनीपासूनची उंची, पायाचा प्रकार, घर पुन्हा बांधण्याचा खर्च आणि पूर्वीचे दावे पाहिले जातात. शेजाऱ्याची पॉलिसी जुनी असेल तर तो पूर्ण दरापर्यंत अजून पोहोचलेलाही नसेल, कारण बहुतेक मुख्य निवासांच्या हप्त्यात वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही. घर विकत घेताना विकणाऱ्याची पॉलिसी आपल्या नावावर करून घेतली तर ही सवलतही बरोबर येते. ही गोष्ट खरेदीदाराला सहसा कोणी सांगत नाही.

तुमच्या हाती असलेले उपाय दोन. पहिल्या मजल्याची उंची फेमाच्या माहितीसाठ्यात चुकीची असू शकते. सर्वेअरकडून उंचीचा दाखला घेऊन सादर केल्यास, तो तुमच्या फायद्याचा असेल तर विचारात घेतला जातो. दुसरे असे की, घराखाली क्रॉल स्पेस, म्हणजे रांगत जाता येईल एवढी बुटकी बंदिस्त पोकळी, असेल तर भिंतींत पाणी आत-बाहेर जाण्यासाठी झडपा बसवून आणि भट्टी, वॉटर हीटर यांसारखी यंत्रे वर हलवून हप्ता कमी करता येतो. झडपा किमान दोन हव्यात, बंदिस्त क्षेत्राच्या प्रत्येक चौरस फुटामागे एक चौरस इंच उघडी जागा हवी आणि झडपेची खालची कड जमिनीपासून एक फुटाच्या आत हवी. पाणी दोन्ही बाजूंना सारखे राहिले की भिंत ढकलली जात नाही, एवढेच त्यामागचे तत्त्व आहे.

प्रश्न : एजंट म्हणतो, आमच्या काउंटीत हा विमा मिळतच नाही. असे असू शकते का?

उत्तर : असू शकते. कार्यक्रमात सामील होणे स्थानिक शासनाच्या मर्जीवर आहे. पूरक्षेत्रातील बांधकामांचे नियम मान्य केलेल्या ठिकाणीच पॉलिसी विकली जाते. देशभरात अशी २२ हजारांहून अधिक शहरे, गावे आणि काउंट्या सामील आहेत, पण काही लहान काउंट्या अजूनही बाहेर आहेत. फेमाच्या यादीत स्वतः पाहून खात्री करा, कारण कधीकधी एजंटला फक्त तो व्यवसाय करायचा नसतो. काउंटी खरोखरच बाहेर असेल तर खासगी पूरविमा हा एक मार्ग आहे आणि काउंटी मंडळाच्या बैठकीत जाऊन हा विषय मांडणे हा दुसरा.

प्रश्न : गेल्या वसंतात रात्रभर पाऊस पडून आमच्या मागच्या शेतातले पाणी घरात शिरले. आसपास दुसरे घर नाही. पाहणीला आलेल्या व्यक्तीने तोंडी सांगितले की, 'एकट्या तुमच्या घरात पाणी आले, तेव्हा हा पूर नव्हे'. आमची जागा सहा एकर आहे. दावा सोडून द्यावा का?

उत्तर : मुळीच सोडू नका. पॉलिसीतील पुराची व्याख्या अशी आहे की, एरवी कोरडी असणारी दोन किंवा अधिक एकर जमीन, किंवा दोन किंवा अधिक मालमत्ता, ज्यांतली एक तुमची आहे, तात्पुरती पाण्याखाली गेली पाहिजे. यातल्या 'किंवा' या शब्दाकडे लक्ष द्या. शहरातल्या लहान प्लॉटवर दोन एकरांची अट शेजाऱ्यांना धरूनच पुरी होते, म्हणून पाहणी करणाऱ्यांच्या डोक्यात दुसऱ्या मालमत्तेचा निकष बसलेला असतो. तुमच्या सहा एकरांपैकी दोन एकर पाण्याखाली होते एवढे दाखवता आले, तर शेजाऱ्याची गरजच नाही. पाणी नदीचेच असायला हवे असेही नाही. पावसाचे पाणी जमिनीवर वेगाने साचले किंवा वाहिले, तरी ते व्याख्येत बसते. जमिनीतून झिरपून बेसमेंटमध्ये आलेले किंवा नुसते गटारातून उलटलेले पाणी मात्र त्यात सहसा बसत नाही.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी काढलेली छायाचित्रे असतील तर त्यांवरची तारीख-वेळ जपून ठेवा. शेतात पाणी कोठवर होते हे दाखवणारा गाळाचा पट्टा किंवा कुंपणाला अडकलेला कचरा यांची छायाचित्रे असतील तर त्या जागा जागेच्या नकाशावर खुणा करून दाखवा आणि त्यातील क्षेत्र सर्वेअरकडून किंवा काउंटीच्या संकेतस्थळावरील मोजणीच्या साधनाने काढून घ्या. घरातले ओले गालिचे व ड्रायवॉल बुरशी धरण्याआधी बाहेर काढणे योग्यच होते, फक्त प्रत्येकाचा एक-एक तुकडा नमुना म्हणून ठेवला असल्यास तो टाकू नका. विमा कंपनीकडून तोंडी नकार स्वीकारू नये. कोणत्या कलमाखाली नकार दिला ते लेखी मागावे. लेखी नकार मिळाल्यावर साठ दिवसांत फेमाकडे अपील करता येते.

आणि एक मुदत सर्वांत आधी तपासा. नुकसानीचा सहीनिशी केलेला रकमेसह तपशील, म्हणजे 'प्रूफ ऑफ लॉस', नुकसान झाल्यापासून साठ दिवसांच्या आत कंपनीकडे पोहोचावा लागतो, आणि पाहणी करणाऱ्याने अर्ज भरून दिला नाही हे कारण त्यासाठी चालत नाही. मोठ्या आपत्तीनंतर फेमा ही मुदत वाढवते. तुमच्या भागातील त्या पावसासाठी तशी वाढ जाहीर झाली होती का, हे कंपनीला पत्राने विचारा, आणि उत्तराची वाट न पाहता आज हाती आहेत त्या आकड्यांनिशी तो तपशील नोंदणीकृत टपालाने पाठवून पावती जपून ठेवा.